सेंट मॉरिट्झ ते स्टेल्व्हियो आणि परत : स्वित्झर्लंड-इटलीमधल्या एका दिवसाच्या घाटप्रवासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वित्झर्लंडला येणारे आपल्याकडचे बहुतेक जण युंगफ्राऊ, टिटलिस आणि ल्युसर्न करून परततात. देशाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या एन्गादिन खोऱ्यापर्यंत फार थोडे पोचतात. या खोऱ्यातून सकाळी निघून, तीन खिंडी ओलांडून, अर्धा दिवस इटलीत काढून संध्याकाळी त्याच गावात परतता येतं. आल्प्समध्ये एकच दिवस गाडी चालवायला मिळणार असेल, तर तो इथे घालवावा असं माझं ठाम मत आहे. ओळखीचे लोक याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे.

रस्ता नेमका कुठून कुठे जातो?

सेंट मॉरिट्झ, समेदान किंवा पॉन्ट्रेझिना यांपैकी कुठेही मुक्काम करा. तिथून इन नदीच्या काठाने ईशान्येला झेर्नेट्सपर्यंत जा. झेर्नेट्सला उजवीकडे वळलं की स्विस नॅशनल पार्कमधून जाणारा ओफेन घाट लागतो. 2149 मीटरवरची खिंड ओलांडून म्युस्टायर खोऱ्यात उतरायचं. म्युस्टायर गाव संपताच सीमा येते आणि पलीकडे इटलीचा दक्षिण टिरोल सुरू होतो. ग्लुर्न्सवरून प्राडला यायचं आणि तिथून स्टेल्व्हियो चढायचा, 2757 मीटरपर्यंत. पलीकडे बोर्मियोला उतरून आद्दा नदीच्या खोऱ्याने तिरानो गाठायचं. तिरानोला पुन्हा सीमा ओलांडायची आणि पोस्कियाव्होमार्गे 2328 मीटरची बर्निना खिंड चढून पॉन्ट्रेझिनाला परतायचं.

अंतर साधारण 220 किलोमीटर. हा आकडा बघून ‘तीन-साडेतीन तासांत होईल’ असं वाटतं, पण तसं होत नाही. नुसतं गाडी चालवण्यातच पाच ते साडेपाच तास जातात. थांबे धरून दहा-अकरा तास हाताशी ठेवा आणि सकाळी सातच्या आत निघा. जून-जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळची घाई होत नाही.

याच दिशेने का? आधी बर्निना केला तर काय बिघडतं?

बिघडत काहीच नाही, पण दोन कारणांसाठी मी हीच दिशा सांगतो. स्टेल्व्हियोची सगळ्यांत देखणी बाजू प्राडची आहे आणि ती चढताना बघावी. चढताना वेग आपोआप कमी राहतो, ब्रेकवर ताण येत नाही आणि ऑर्टलर हा 3905 मीटरचा हिमाच्छादित डोंगर सारखा नजरेसमोर येत राहतो. ही बाजू ईशान्येकडे तोंड करून आहे, म्हणजे सकाळचं ऊन तिच्यावरच पडतं. दुसरं कारण गर्दीचं. दहानंतर या घाटात मोटरसायकलींची रीघ लागते. तुम्ही साडेनऊच्या सुमारास प्राडला असलात तर अर्धा घाट निवांत मिळतो.

शिवाय संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बर्निनाच्या हिमनद्या पाहणं हा दिवसाचा उत्तम शेवट आहे.

सीमेवर थांबवतात का? दोन व्हिसे लागतात का?

एकच शेंगेन व्हिसा पुरतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण डिसेंबर 2008 पासून शेंगेनमध्ये आहे. त्यामुळे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असला तरी अडचण येत नाही. पासपोर्ट मात्र हॉटेलात ठेवून निघू नका, मधूनच तपासणी होऊ शकते. स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या जकात क्षेत्राबाहेर असल्याने सीमेवरच्या चौकीला सामानात रस असतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

भारतीय वाहन परवाना चालतो का?

आंतरराष्ट्रीय परवाना काढूनच या. आपल्या आरटीओकडून तो मिळतो, अर्ज ऑनलाइनही करता येतो आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. इंग्रजीत छापलेल्या मूळ परवान्यावर स्वित्झर्लंडमध्ये निभावतं, पण इटलीत मूळ परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना किंवा अधिकृत भाषांतर दाखवावं लागतं. दोन्ही कागद गाडीत हवेत, कारण मूळ परवान्याशिवाय आंतरराष्ट्रीय परवान्याला अर्थ नाही.

गाडी भाड्याने घेताना दोन गोष्टी आधीच सांगा : इटलीत जाणार आहोत, आणि ऑटोमॅटिक गाडी हवी आहे. युरोपात न सांगता मिळते ती बहुधा गिअरची गाडी. उजव्या हाताने गिअर टाकायची सवय नसताना पहिल्याच दिवशी घाटात शिरू नये.

कधी जावं?

स्टेल्व्हियो हिवाळ्यात पूर्ण बंद असतो. साधारण मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बर्फ पडला की मिटतो. बर्निना आणि ओफेन हे दोन्ही घाट वर्षभर चालू ठेवतात, जोरदार हिमवृष्टीत तेवढ्यापुरते बंद होतात.

माझी पहिली पसंती सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यांना. शाळा सुरू झालेल्या असतात, हवा स्वच्छ असते, डोंगरावर ताजा बर्फ भुरभुरलेला असतो. दुसरी पसंती जूनअखेर, जेव्हा वरच्या वळणांवर रस्त्याच्या कडेला बर्फाच्या भिंती अजून शिल्लक असतात आणि खाली कुरणं फुलांनी भरलेली असतात. 15 ऑगस्टच्या आसपास जाऊ नका. इटलीत त्या दिवशी मोठी सुट्टी असते आणि अर्धा देश रस्त्यावर उतरतो. उन्हाळ्यात एखादा दिवस हा घाट फक्त सायकलींसाठी राखून ठेवतात, म्हणून तारीख ठरवताना तेही तपासा. आदल्या संध्याकाळी खिंड उघडी आहे ना, हे बघण्याची सवय तर हवीच. जुलैतही वर बर्फ पडू शकतो.

वर गेल्यावर कळलं की स्टेल्व्हियो बंद आहे, तर?

झेर्नेट्सच्या पुढे, ओफेनच्या रस्त्यावरच, मुंट ला शेरा नावाचा बोगदा आहे. एकाच मार्गिकेचा, साडेतीन किलोमीटरच्या आतबाहेरचा. एकदा इकडची वाहनं सोडतात, एकदा तिकडची. त्यासाठी टोल भरावा लागतो. त्यातून इटलीतल्या लिव्हिन्योला निघता येतं आणि पुढे एइरा व फोस्कान्यो या खिंडींवरून बोर्मियोला. दोन्ही खिंडी 2200 मीटरच्या वर आहेत आणि हिवाळ्यातही चालू ठेवतात. स्टेल्व्हियोची भव्यता तिथे नाही, पण दिवस फुकट जात नाही.

खंबाटकी, आंबोली, ताम्हिणीत गाडी चालवली आहे. इथे वेगळं काय?

घाटाची सवय असलेल्या माणसाला इथे फायदाच होतो. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियम इथेही आहे. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हर मंडळींचं वाक्य आल्प्सनाही लागू पडतं. बर्निना खिंडीपासून तिरानोपर्यंत रस्ता जवळपास 1900 मीटर खाली येतो, त्यामुळे तुम्ही उलट दिशेने जाणार असाल तर ते लक्षात ठेवाच. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर हाताने निवडायची सोय असते. ती आदल्या दिवशी शोधून ठेवा.

वेगळ्या गोष्टी अशा. रस्त्याची उजवी बाजू आपली. त्यामुळे चढताना उजवीकडे वळणारं हेअरपिन आतल्या बाजूचं आणि आखूड पडतं, डावीकडचं ऐसपैस मिळतं. उजव्या वळणाआधी मान वर करून पुढच्या पट्ट्यावर काय येतंय ते बघा. मोठी बस दिसली तर वळणाच्या अलीकडेच थांबा आणि तिला सगळा रस्ता वापरू द्या. तुम्ही आधीच वळणात घुसलात तर दोघंही अडकता.

स्वित्झर्लंडमध्ये निळ्या पाटीवर पिवळं शिंग दिसलं, तर तो टपाल बसचा डोंगरी रस्ता समजा. तिथे पिवळ्या बसला वाट द्यायची आणि तिचा चालक हाताने जी खूण करील ती पाळायची. कारण समजण्यासारखं आहे. तो रोज याच वळणांवरून जातो आणि कुणी किती मागे सरकायला हवं हे त्याला नेमकं ठाऊक असतं.

मागे गाडी चिकटली तर बिचकू नका. स्थानिक लोक इथे झपाझप चालवतात. पहिल्या रुंद जागी कडेला घ्या, त्यांना पुढे जाऊ द्या. दृश्य बघायचं असेल तेव्हाही हेच करा. चालता चालता बघायचं नाही.

वेगमर्यादा गावात 50. गावाबाहेर स्वित्झर्लंडमध्ये 80 आणि इटलीत 90. घाटात त्या मर्यादेपर्यंत पोचायची वेळच येत नाही, पण खोऱ्यातल्या सरळ रस्त्यावर पाय नकळत दाबला जातो. स्वित्झर्लंडमधला दंड फार मोठा असतो, आणि तो भाड्याच्या गाडीच्या मालकामार्फत, त्यांचं सेवाशुल्क जोडून, घरी परतल्यावरही वसूल होतो. दिवसाउजेडीही दिवे चालू ठेवा. इटलीतल्या जुन्या गावांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. पांढऱ्या गोलाला लाल कड अशी पाटी दिसली की आत न शिरता बाहेरच गाडी लावा.

आणखी एक. पोस्कियाव्हो खोऱ्यातल्या एक-दोन गावांत आणि तिरानोत लाल रेल्वेगाडी चक्क रस्त्यावरून जाते, कोलकात्याच्या ट्रामसारखी. रुळांवर गाडी उभी करू नका. छायाचित्र काढणाऱ्यांना हे सांगावं लागतं.

स्टेल्व्हियोची 48 वळणं खरंच इतकी अवघड आहेत?

अवघड म्हणण्यापेक्षा दमवणारी आहेत. प्राड सुमारे 915 मीटरवर आणि खिंड 2757 वर. म्हणजे 25 किलोमीटरच्या आत तुम्ही 1800 मीटरहून जास्त चढता. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची पूर्ण उंची 1646 मीटर आहे, यावरून अंदाज करा. प्रत्येक वळणावर क्रमांक कोरलेला दगड आहे. मुलांना तो मोजायला द्या, छान वेळ जातो.

रस्ता मात्र उत्तम बांधलेला आहे, आणि बांधला गेला 1820 ते 1825 या पाच वर्षांत. त्या वेळी लोम्बार्डी ऑस्ट्रियाच्या ताब्यात होती आणि टिरोलमधून मिलानकडे सैन्य नेण्यासाठी ऑस्ट्रियाला थेट वाट हवी होती. कार्लो दोनेगानी हा अभियंता. सुरुंगाच्या दारूने आणि हाताने फोडलेला हा मार्ग घोडागाड्यांसाठी होता, म्हणून चढ बेताचा ठेवून वळणं वाढवली. आज आपण ज्या वळणांसाठी इतक्या लांबून येतो, ती घोड्यांच्या दमाचा हिशोब करून आखलेली आहेत. ट्राफॉय गावाच्या वर जंगल संपतं आणि उघड्या उतारावर पुढचा सगळा रस्ता एकावर एक घड्या घातल्यासारखा दिसतो. तिथे थांबून दोन मिनिटं नुसतं वर बघा. दगडी आधारभिंती दोनशे वर्षं हिमकडे झेलत उभ्या आहेत.

माथ्यावर पोचल्यावर काय करायचं?

खिंडीत दुकानं, सॉसेजचे गाडे, मोटरसायकली आणि सायकलवर चढून आलेले घामाघूम लोक. शर्यतींचा घाट म्हणून सायकलवाल्यांना याचं वेड आहे. जिरो द’इतालिया ही इटलीची मोठी सायकल शर्यत पहिल्यांदा इथून गेली 1953 साली आणि त्या दिवशी फाउस्तो कोप्पीने बाजी मारली. चहा-कॉफी घ्या, पण इथेच थांबून परतलात तर महत्त्वाचं राहून गेलं.

खिंडीपासून वीसेक मिनिटांची पायवाट 2843 मीटरच्या एका टेकाडावर जाते. त्याचं जर्मन नाव ड्रायश्प्राखेनश्पित्झ, म्हणजे तीन भाषांचं शिखर. इटालियन, जर्मन आणि रोमान्श या तीन भाषांचे प्रदेश इथे मिळतात. पहिल्या महायुद्धाआधी इथे तीन देशही मिळत होते : इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि स्वित्झर्लंड. 1915 मध्ये इटली युद्धात उतरली आणि ही खिंड आघाडी बनली. समोरच्या ऑर्टलरच्या बर्फात, तीन हजार मीटरच्या वर, सैनिकांनी हिवाळे काढले. तटस्थ स्विस सैनिक आपल्या हद्दीत उभे राहून दोन्ही बाजूंचा मारा बघत होते. पायवाटेच्या आजूबाजूला दगडी खंदकांचे आणि निवाऱ्यांचे अवशेष अजून दिसतात. म्युस्टायर खोऱ्यातल्या सांता मारियात या काळाचं छोटं संग्रहालयही आहे.

युद्ध संपल्यावर दक्षिण टिरोल इटलीला मिळाला. म्हणून सकाळी इटलीत शिरल्यावर पाट्या दोन भाषांत दिसतात आणि लोक आपसात जर्मन बोलतात. म्युस्टायरला, म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये, रोमान्श. प्राडला, म्हणजे इटलीत, जर्मन. बोर्मियोला इटालियन. आणि तिरानोहून स्वित्झर्लंडमध्ये परत आल्यावरही पोस्कियाव्होत इटालियनच. बेळगाव-निपाणीकडे वाढलेल्या, किंवा तिकडे नातीगोती असलेल्या माणसाला हे फारसं समजावून सांगावं लागत नाही. भाषेची हद्द चौकी बघून आखलेली नसते.

सगळा घाट जमेल असं वाटत नाही. सोपी वाट आहे का?

आहे. प्राडला न जाता सांता मारियातून उंब्राइल खिंडीने वर या. 2501 मीटरवरची ही खिंड थेट स्वित्झर्लंड-इटली सीमेवर आहे आणि पलीकडे स्टेल्व्हियोच्या बोर्मियो बाजूच्या रस्त्याला, माथ्याच्या तीनेक किलोमीटर खाली, मिळते. अंतर कमी होतं, वाहनं कमी लागतात. रस्ता अरुंद आहे, हे मात्र ध्यानात ठेवा. वरून हवं तर स्टेल्व्हियोचा माथा गाठून 48 वळणं वरूनच बघा.

सकाळच्या टप्प्यात कुठे थांबावं?

म्युस्टायरच्या मठात. बाकी काही चुकलं तरी चालेल.

सेंट जॉनचा हा बेनेडिक्टाइन मठ आठव्या शतकाच्या अखेरचा. परंपरा सांगते की फ्रँक सम्राट शार्लमेनने तो स्थापला. आत चर्चच्या भिंतींवर सन 800 च्या सुमारास रंगवलेली बायबलमधली दृश्यं आहेत. मधल्या शतकांत त्यांच्यावर नवी चित्रं आणि चुन्याचे थर चढले आणि विसाव्या शतकात ती पुन्हा उजेडात आली. विटकरी, राखाडी, निळसर रंगांतले ते मोठ्या डोळ्यांचे चेहरे बघताना मला वेरूळचा विचार आल्याशिवाय राहत नाही : कैलास लेणं घडवलं गेलं तेही आठव्याच शतकात. 1983 मध्ये वेरूळ, अजिंठा आणि म्युस्टायर ही तिन्ही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. मठात जोगिणी अजून राहतात, तेव्हा आवाज बेताचा ठेवा.

ओफेनच्या चढावर नॅशनल पार्कमध्ये गाडी फक्त खुणा केलेल्या वाहनतळांवर लावता येते. 1 ऑगस्ट 1914 रोजी स्थापन झालेलं हे उद्यान स्वित्झर्लंडमधलं एकमेव राष्ट्रीय उद्यान आहे. पायवाट सोडायची नाही, फूल तोडायचं नाही, पडलेलं झाडही कुणी उचलत नाही. इथलं जंगल म्हणूनच इतर स्विस जंगलांपेक्षा रानवट दिसतं. उद्यान होण्याच्या कितीतरी आधी याच उतारांवरची झाडं लोखंड वितळवण्यासाठी तोडली जात होती आणि ओफेनचं ‘फुओर्न’, म्हणजे भट्टी, हे रोमान्श नाव तिथूनच आलं. देशातलं शेवटचं अस्वल 1904 मध्ये याच परिसरात मारलं गेलं होतं. 2005 मध्ये इटलीकडून एक अस्वल पुन्हा ओफेनच्या बाजूला आलं, तेव्हा ते बघायला लोकांनी गर्दी केली.

ग्लुर्न्स हजाराच्या आतल्या वस्तीचं गाव, पण पूर्ण तटबंदीचं. अर्धा तास पुरे.

बोर्मियो ते तिरानो हा टप्पा कंटाळवाणा आहे म्हणतात. खरं का?

बोगदे खूप आहेत, हे खरं. पण ते का आहेत हे कळल्यावर मला तो टप्पा कधी कंटाळवाणा वाटला नाही. 28 जुलै 1987 च्या सकाळी, कित्येक दिवसांच्या मुसळधार पावसानंतर, बोर्मियोच्या खाली व्हाल पोला इथे डोंगराचा कडा तुटला. सुमारे 4 कोटी घनमीटर दगडमाती खोऱ्यात कोसळली आणि समोरच्या उतारावर उसळून चढली. सांत’आंतोनिओ मोरिन्योने हे गाव नाहीसं झालं. धोका ओळखून ते आधीच रिकामं केलं होतं, पण खालच्या अंगाला अक्विलोने गावात आणि कामावर असलेल्या लोकांत माणसं दगावली. जुना रस्ता गाडला गेला म्हणून नवा डोंगराच्या पोटातून न्यावा लागला. डोंगराच्या अंगावरचा तो फिकट व्रण आजही दिसतो. माळीण आणि इर्शाळवाडी आठवणाऱ्या माणसाला तिथून मुकाट्याने पुढे जाववत नाही.

बोर्मियोत गरम पाण्याची जुनी कुंडं आहेत. त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

शाकाहारी लोकांचं जेवण होतं का?

चांगलं होतं, आणि दुपारचं जेवण इटलीच्या बाजूलाच करा. आद्दाचं खोरं म्हणजे वाल्तेलिना, आणि वाल्तेलिनाचं पीक म्हणजे कुट्टू. पित्सोक्केरी हा त्याचा खास पदार्थ : कुट्टूच्या पिठाच्या रुंद पट्ट्या, बटाटा, कोबी किंवा पालेभाजी, भरपूर चीज आणि लसूण घालून कढवलेलं लोणी. भूक लागली असताना याच्यासारखं सुख नाही. पिठात गहू मिसळलेला असतो, त्यामुळे उपवासाला चालेल असं समजू नका. ‘श्यात’ म्हणजे आत चीज घातलेली कुट्टूची गोल भजी. त्यांच्या पिठात बऱ्याचदा थोडी ग्रापा, म्हणजे द्राक्षांची दारू, घालतात. चालत नसेल तर आधी विचारा.

कडक शाकाहारी असाल तर इथल्या पारंपरिक चीजमध्ये दूध फाडण्यासाठी वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, हे माहीत असू द्या. अशा वेळी टोमॅटोचा पास्ता, भाज्या, पोलेंटा (मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा) सांगा. जेवण साडेबारा ते दोनच्या दरम्यान उरका, नंतर स्वयंपाकघर बंद होतं. मांसाहारी मंडळींसाठी ब्रेझाओला, म्हणजे खारवून वाळवलेलं गोमांस, हा इथला अभिमान आहे. ते गोमांस आहे हे माहीत असावं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आई-बाबा सत्तरीचे आहेत, मुलं लहान आहेत. न्यावं का?

न्या. तासाला एकदा गाडीबाहेर पाय मोकळे करा. गाडी लागत असेल त्याला पुढे बसवा आणि स्टेल्व्हियोआधी भरपेट खायला देऊ नका. 2757 मीटरवर बहुतेकांना फक्त थोडी धाप लागते. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि अशांनी शिखरावरची पायवाट वगळावी. कान दडे बसल्यासारखे होतात, तेव्हा मुलांना काहीतरी चघळायला द्या.

कपड्यांचं विसरू नका. तिरानो साडेचारशे मीटरच्या आत आहे. तिथे जुलैत पंखा हवासा वाटतो आणि त्याच दिवशी स्टेल्व्हियोवर हवा पंधरा अंशांनी थंड असते, वर बोचरा वारा. आजींसाठी शाल आणि कानटोपी गाडीतच ठेवा.

12 वर्षांखालच्या आणि 150 सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना दोन्ही देशांत योग्य आसन लागतं. गाडी आरक्षित करतानाच मागून घ्या.

टोल, विनेट, पेट्रोल?

या वर्तुळावर कुठेही मोटरवे नाही, म्हणून विनेट, म्हणजे स्विस मोटरवेचं टोल-स्टिकर, लागत नाही. झ्युरिकहून येताना मात्र लागतं : 40 फ्रँक, वर्षभरासाठी. स्विस पाटीच्या भाड्याच्या गाडीवर ते बहुधा असतंच. पेट्रोल निघतानाच भरा. इटलीच्या पंपावर स्वतः भरायचा आणि माणसाने भरून द्यायचा असे दोन दर असतात, पाटी बघून नळी निवडा. थोडी युरोची नाणी जवळ असू द्या.

फोन चालेल ना?

युरोपीय संघाचं सिमकार्ड स्वित्झर्लंडमध्ये आपोआप चालेलच असं नाही, कारण संघाचा रोमिंग नियम तिथे लागू नाही. सिम घेताना दोन्ही देशांची नावं तपासा आणि नकाशा आधी उतरवून ठेवा. अडचणीत 112 दोन्हीकडे लागतो.

इटलीतून काय आणता येतं?

स्वित्झर्लंडमध्ये येताना माणशी 1 किलो मांस, 1 किलो लोणी, मोठ्यांना 5 लिटर वाइन, आणि 1 जानेवारी 2025 पासून एकूण 150 फ्रँकपर्यंतच्या वस्तू करमुक्त. चीज, कुट्टूचं पीठ, वाल्तेलिनाची सफरचंदं हे सगळं त्यात आरामात बसतं. दुसऱ्या महायुद्धानंतर पोस्कियाव्होतून इटलीत कॉफीची मोठी चोरटी वाहतूक चाले. माणसं रात्री पाठीवर पोती घेऊन डोंगर ओलांडत. त्या खोऱ्यात भाजलेली कॉफी आजही चांगली मिळते, आणि आता ती राजरोस घेता येते.

बर्निनासाठी गाडीपेक्षा रेल्वे चांगली नाही का?

तिरानो ते सेंट मॉरिट्झ एवढाच प्रवास करायचा असेल तर हो, रेल्वेच घ्या. 1910 मध्ये पूर्ण झालेला हा मार्ग दातेरी रुळांशिवाय 7 टक्क्यांचा चढ चढतो, आणि 2008 पासून जागतिक वारसा यादीत आहे. गाडीने जाताना ब्रूझियोला थांबा : तिथे रेल्वे एका गोल दगडी पुलावरून स्वतःच्याच मार्गाखालून निघते. दुपारचा मोकळा वेळ असेल तर तिथल्या कुरणात बसून एक रेल्वेगाडी जाताना बघा.

बर्निना खिंडीत किती वेळ ठेवावा?

किमान एक तास, सहा-साडेसहाच्या सुमारास. वर होस्पिझ या जुन्या विश्रामगृहापाशी गाडी लावा आणि खाली लागो बियांकोकडे चालत जा. हिमनदीने दळलेल्या खडकाच्या बारीक पिठामुळे याचं पाणी दुधी दिसतं, म्हणून ‘पांढरं तळं’. त्याच्या उत्तरेला लेय नाईर, ‘काळं तळं’. दोघांमध्ये जेमतेम एक बांध आणि थोडी जमीन. पांढऱ्या तळ्याचं पाणी पोस्कियाव्हो, आद्दा आणि पो नद्यांतून एड्रियाटिक समुद्राला मिळतं. काळ्या तळ्याचं पाणी इनमध्ये, इनमधून डॅन्यूबमध्ये, आणि तिथून काळ्या समुद्रात.

सकाळी तुम्ही इनच्या काठाने निघालात. ओफेन ओलांडल्यावर पाणी आदिजे नदीकडे वळलं, स्टेल्व्हियोनंतर आद्दाकडे, आणि इथे ते पुन्हा इनचं होतं. महाबळेश्वरला कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाताना ज्यांनी बघितली आहे, त्यांनी या बांधावर उभं राहून दोन्हीकडे जरूर बघावं.

तिथून पॉन्ट्रेझिनाकडे उतरताना मोंतेबेल्लोच्या वळणावर शेवटचं थांबा. समोर मोर्तेराच हिमनदी आणि तिच्यावर 4049 मीटरचा पिझ बर्निना असतो. हिमनदी 1878 पासून मोजतात आणि तेव्हापासून ती जवळपास 3 किलोमीटर मागे गेली आहे. दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर खालून तिच्याकडे जाणारी पायवाट चाला. ती कुठल्या वर्षी कुठपर्यंत होती याच्या पाट्या वाटेवर लावल्या आहेत. तुमच्या जन्मवर्षाच्या जवळची पाटी शोधा आणि तिथून बर्फ किती लांब आहे ते बघा.